स्वर्गातून उतरलेले राजपद



राजा हा देवाचा अंश आहे, असे आपल्या वाडवडिलांना पिढ्यानपिढ्या सांगितले गेले. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात याच्या अगदी उलट सांगितले आहे. लोकांनी आपल्यातूनच एक लायक माणूस निवडला, त्याला आपल्या भाताचा वाटा देण्याचे ठरवले आणि तो पहिला राजा झाला. परंतु देवाच्या अंशाची कल्पना एकट्या आपल्या देशातली, असे मात्र समजू नये. तिचा फार जुना लेखी पुरावा आजच्या इराकमध्ये, तैग्रिस व युफ्रेटिस या नद्यांच्या खोऱ्यात सापडतो. आजच्या पाठात आपण तिकडे जाऊ.

या खोऱ्यात सुमेरियन लोकांची एरिदू, उर, उरुक, लगाश, निप्पूर अशी नगरे होती. प्रत्येक नगराचा एक मुख्य देव असे. नगराचा खरा धनी तो देव आणि राजा हा त्याचा कारभारी, अशी त्यांची समजूत. राजाला ते 'लुगल' म्हणत. या शब्दाचा अर्थ काय, तर 'मोठा माणूस'. एवढाच. शब्दात देव नाही!

देव कसा चिकटवला गेला, हे 'सुमेरियन राजावली' नावाच्या लेखात दिसते. तिची सर्वांत प्रसिद्ध प्रत इ. स. पू. १८०० च्या सुमाराची असून ती मातीच्या चौकोनी विटेसारख्या ठोकळ्यावर कोरलेली आहे. आज ती ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. राजपद स्वर्गातून खाली आले आणि प्रथम एरिदू नगरात उतरले, अशी तिची सुरुवात. तेथील पहिल्या राजाने म्हणे २८,८०० वर्षे राज्य केले. घरातल्या शाळकरी पोराला हे वाचून दाखवा, तो हसेल. पण खरी मेख पुढेच आहे. एखादे नगर शस्त्राने पाडले गेले की राजपद दुसऱ्या नगरी नेले गेले, असे ही यादी पुन्हा पुन्हा सांगते. म्हणजे लढाई जो जिंकेल त्याला स्वर्गाचा शिक्का आयता मिळाला. आणखी एक गंमत पाहा. उरच्या शुल्गी राजाच्या काळातली याहून जुनी एक प्रत २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एरिदू आणि ते हजारो वर्षांचे राजे नाहीतच. स्वर्गातले राजपद तीत थेट किश नगरात उतरते.

या यादीत लगाशचे नाव नाही. तेथील उरुकागिना या राजाबद्दल मात्र आपण थोडे थांबून बोलले पाहिजे. इ. स. पू. २३५० च्या सुमारास त्याने काही सुधारणा लिहून ठेवल्या. त्यांत प्रेतसंस्काराचा दर आहे. पूर्वी प्रेत पुरायला आणले की संस्कार करणारा अधिकारी जवाच्या दारूच्या ७ घागरी, ४२० भाकऱ्या, शिवाय धान्य आणि कपडा घेत असे. घरात माणूस मेलेला, आणि दारात हे मागणे! (आपल्यापैकी किती घरांना तेराव्याचे कर्ज आठवत असेल.) उरुकागिनाने हा दर ३ घागरी आणि ८० भाकऱ्यांवर आणला. विधवा व पोरके यांना बलवानाच्या हाती देणार नाही, असा करार त्याने नगरदेव निंगिर्सू याच्याशी केल्याचे लिहिले आहे. कर्जातून वा बंधनातून सुटकेसाठी सुमेरियनांचा शब्द 'अमर्गी'. त्याचा शब्दशः अर्थ 'आईकडे परतणे'. थोड्याच वर्षांत उम्माच्या लुगलझागेसीने लगाशवर स्वारी करून त्याचा पराभव केला. राजावलीत लुगलझागेसीला जागा मिळाली, उरुकागिनाला नाही.

पुढे शुल्गी तर स्वतःच देव झाला. त्याच्या नावाआधी देवाचे चिन्ह लिहू लागले. परंतु या देवराजांच्या घराण्याला पश्चिमेकडच्या मेंढपाळ टोळ्यांची धास्ती होती. हेच ते अमोराइट लोक; सुमेरियन त्यांना 'मार्तू' म्हणत. शुल्गीनंतरच्या शू-सिन राजाने त्यांना अडवण्यासाठी भिंतच बांधली.

नगरवाल्यांना या लोकांविषयी काय वाटे, ते एका सुमेरियन कथेत आले आहे. मार्तू (येथे हे त्या लोकांच्या देवाचे नाव) उत्सवातली कुस्ती जिंकतो. बक्षीस म्हणून चांदी व रत्ने पुढे येतात, ती तो नाकारतो आणि नुमुश्दा देवाच्या मुलीला मागणी घालतो. मुलीची मैत्रीण तिला परावृत्त करू पाहते. तो तंबूत राहतो, त्याला घर नाही, कच्चे मांस खातो, गुडघा टेकणे त्याला माहीत नाही, मेल्यावर त्याला कोणी पुरणारही नाही, असा पाढा ती वाचते. वाचकहो, अशी भाषा आपल्या कानांना नवीन नाही. मुलगी सारे ऐकून घेते आणि म्हणते, मी मार्तूशीच लग्न करणार.

इ. स. पू. २००४ च्या सुमारास उर पडले. दुष्काळ होता, आणि अखेरचा घाव एलामच्या लोकांनी घातला. त्यानंतरच्या दोन शतकांत एकामागून एक नगरांत अमोराइट घराणी गादीवर आली. मग तुच्छतेचे काय झाले? देवांनी हरकत घेतली नाही. बॅबिलोनचा हम्मुराबी (इ. स. पू. १७९२ ते १७५०) याच अमोराइट घराण्यातला. त्याच्या कायद्याचा सुमारे सव्वादोन मीटर उंचीचा काळा शिलास्तंभ १९०१-०२ मध्ये इराणात सुसा येथे सापडला. तो पॅरिसमध्ये आहे. वरच्या बाजूला बसलेला सूर्यदेव शमाश उभ्या राजाच्या हाती अधिकाराची चिन्हे देताना कोरला आहे. दुर्बलांना बलवानांनी छळू नये म्हणून देवांनी आपली निवड केली, असे हम्मुराबी प्रस्तावनेत म्हणतो.

पण खाली कलमे वाचा. वरच्या वर्गातील माणसाने आपल्या बरोबरीच्याचा डोळा फोडला, तर त्याचाही डोळा फोडावा. सामान्याचा फोडला, तर एक मिना, म्हणजे सुमारे अर्धा किलो चांदी द्यावी. गुलामाचा फोडला, तर गुलामाच्या किमतीच्या निम्मे द्यावे. डोळा गुलामाचा आणि भरपाई धन्याला! कालपर्यंत ज्यांना घर नाही, मसण नाही असे हिणवले जाई, त्यांच्याच गादीवरून हा निवाडा निघाला. पायऱ्या होत्या तशाच राहिल्या. सर्वांत वरच्या पायरीवर माणूस तेवढा नवा आला. या वंशातील राजे अधूनमधून हुकूम काढून गरिबांची कर्जे माफ करीत, हेही नमूद केले पाहिजे. अम्मीसदूकाचा असा हुकूम आजही उपलब्ध आहे.

याच अम्मीसदूकाच्या काळातली दुसरी एक मातीची पाटी १९६६ साली प्रसिद्ध झाली. राजवाड्यात मृतांना अन्नपाणी ठेवण्याच्या विधीची ती आहे. आपण असे विधी सोडले आहेत, तरी पाटी वाचण्यासारखी आहे. तीत राजाच्या पूर्वजांची नावे आहेत, आणि त्यांतली सर्वांत जुनी नावे तंबूत राहणाऱ्या टोळ्यांचीच आहेत. ती लपवलेली नाहीत. शेवटी रणात पडलेल्या शिपायांना हाक आहे, आणि पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत ज्यांचे नाव घेणारे मागे कोणीच उरले नाही, अशा सर्वांनाही: या, खा, प्या.