चिठ्ठीवांचून नमुना मुका

प्राण्यांच्या जाती आज दिसतात तशाच त्या सदैव नव्हत्या. पिढ्यान्‌पिढ्या होत गेलेल्या बदलांनीं एका जातीपासून अनेक जाती झाल्या, हें मत उत्क्रांतितत्त्व या नांवानें तुम्हांस ठाऊक आहे. त्याबरोबर एक गोष्टही तुमच्या कानांवर आली असेल. १८३५ सालीं बीगल जहाजावरून प्रवास करीत असतां चार्ल्स डार्विन साहेब गॅलापागोस बेटांवर उतरले, तेथील फिंच नांवाच्या लहान पक्ष्यांच्या चोंचींत बेटागणिक फरक त्यांस दिसला, आणि तत्क्षणीं हें तत्त्व त्यांस स्फुरलें, अशी ती गोष्ट. गोष्ट मनोहर खरी. पण ती तशी घडली काय?

हा प्रश्न फ्रँक सलोवे या अमेरिकन विज्ञानेतिहासकारांनीं हातीं घेतला. एखादा विचार केव्हां, कोणत्या पुराव्यावरून व कोणाच्या साह्यानें उत्पन्न झाला, हें जुन्या कागदांवरून ठरविणें हें विज्ञानेतिहासकाराचें काम. सलोवे यांनीं डार्विन साहेबांचीं टिपणें वाचलीं, संग्रहालयांत जतन केलेले मूळ पक्षी व त्यांच्या चिठ्ठ्या तपासल्या, आणि १९८२ सालीं आपला निर्णय प्रसिद्ध केला.

तो वाचून पुष्कळांस आश्चर्य वाटलें. बहुतेक फिंच पक्षी कोणत्या बेटावर धरले, हें डार्विन साहेबांनीं लिहूनच ठेविलें नव्हतें! त्यांपैकीं कांहीं तर त्यांस निराळ्याच कुळांतले वाटले होते. कासवाच्या पाठीवरून त्याचें बेट ओळखतां येतें, असें तेथील एका अधिकाऱ्यानें सांगितलें असतांही त्या बोलण्याचें मोल त्यांस वेळीं कळलें नाहीं. मायदेशीं परतल्यावर, १८३७ च्या जानेवारींत, जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञांनीं ते सर्व फिंच परस्परांचे निकटचे आप्त असल्याचें दाखविलें. त्यानंतर त्यांनीं मॉकिंगबर्ड नांवाच्या पक्ष्यांच्या तीन निराळ्या जाती ओळखल्या. या पक्ष्यांचीं बेटें मात्र डार्विन साहेबांनीं नोंदलीं होतीं. म्हणून तो पुरावा बोलका ठरला. फिंच पक्ष्यांसाठीं त्यांस कप्तान फिट्झरॉय व इतर सोबत्यांच्या संग्रहांतून माहिती मागावी लागली. त्याच वर्षीं जुलैंत त्यांनीं जातींच्या बदलाविषयीं स्वतंत्र वही उघडली. आणि ग्रंथ बाहेर पडला १८५९ सालीं, म्हणजे बावीस वर्षांनीं.

यानें डार्विन साहेबांची थोरवी उणी होते काय? मुळींच नाहीं. आपली उणीव ओळखून दुसऱ्यांस विचारण्यास ते लाजले नाहींत, यांतच त्यांचें मोठेपण आहे.

आपल्या महाराष्ट्रांतही त्याच काळीं या सावधपणाचें एक उदाहरण घडलें. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले. अध्यापन व धर्मोपदेश सांभाळून ते रेव्हरंड रॉबर्ट हंटर यांच्यासह खडक व जीवाश्म शोधीत. १८५५ सालीं त्यांचा निबंध लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. नागपूरजवळ टाकळी येथें, अग्निजन्य काळ्या खडकाच्या थरांमधील मातींत, गोड्या पाण्यांतले शंख सांपडले. नुसता शंख हातीं घेतला तर तो कांहीं सांगत नाहीं. तो कोणत्या थरांत होता हें कळलें, म्हणजे लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमधील काळांत तेथें जलाशय होता व त्यांत जीव नांदत होते, एवढी कथा तो सांगतो. १८६३ सालीं नदींत बुडून हिस्लॉप साहेबांचा अंत झाला. पुढें १८८३ सालीं नागपुरांत त्यांच्या नांवाचें महाविद्यालय निघालें.

देवगांव फाट्याच्या परिसरांतली काळी जमीन त्याच खडकाची झीज होऊन झालेली आहे. तो खडक सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचा. मुलांनो, ओढ्यांत एखादा चमकदार दगड सांपडला, झाडाखालीं पिसें मिळालें, तर खिशांत घालण्यापूर्वीं गांव, जागा व तारीख चिठ्ठीवर लिहा. पालकांनींही मुलांस एक कोरी वही द्यावी, आणि तें मूल "हें कशावरून?" असें विचारूं लागलें तर रागावूं नये. पाठ्यपुस्तकांतली आवडती गोष्टही या प्रश्नास सामोरी जाऊं शकते, हें आपण आतांच पाहिलें. सत्यास परीक्षेचें भय नसतें.