बाल्कनची बसवारी: तिकीट स्वस्त, सीमा महाग

क्रोएशिया, बोस्निया, मॉन्टेनेग्रो, अल्बेनिया, उत्तर मॅसिडोनिया. पाठीवर सॅक, सोबत तीन-चार मित्र आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात बस. या सहलीत बसचं तिकीट हा किरकोळ खर्च आहे. खरा फटका बसतो तो सीमेवर, आणि तो टाळायची तयारी मुंबई-पुण्यातच करावी लागते.

आधी व्हिसा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, वरचे बाकीचे देश नाहीत. पण तुमच्याकडे वैध बहुप्रवेश, म्हणजे मल्टिपल एंट्री, शेंगेन व्हिसा असेल तर त्या देशांसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. बोस्निया आणि मॉन्टेनेग्रोत ३० दिवस, उत्तर मॅसिडोनियात १५, अल्बेनियात ९०. वाट वाकडी करून सर्बियात गेलात तर तिथेही ९० दिवस. अटी मात्र नीट वाचा. अल्बेनियाला तो व्हिसा आधी शेंगेनमध्ये एकदा तरी वापरलेला लागतो. उत्तर मॅसिडोनियातून निघाल्यावरही व्हिसाची किमान पाच दिवसांची मुदत शिल्लक हवी. नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी त्या-त्या देशाच्या परराष्ट्र खात्याचं संकेतस्थळ पाहा. एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

व्हिसा एकप्रवेशाचा मिळाला, तर क्रोएशियातून बोस्नियात पाऊल टाकताच तो संपला. परत क्रोएशियात येता येणार नाही, आणि परतीचं विमान झाग्रेबहून असेल तर ते तिकीट बुडालं. स्प्लिटहून दुब्रोवनिकला जातानाही सांभाळा. मधे नेऊम इथे बोस्नियाची किनारपट्टी आडवी येते. २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल झाल्यापासून हा प्रवास क्रोएशियातूनच करता येतो, पण सगळ्या बस पुलावरून जातातच असं नाही. तिकीट काढतानाच मार्ग विचारा.

अर्ज कुठे करायचा? शेंगेनमधल्या ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे. बोस्निया-अल्बेनियातले दिवस या हिशेबात धरायचे नाहीत. दहा दिवस अल्बेनियात, पाच क्रोएशियात आणि तीन ग्रीसमध्ये असाल, तर अर्ज क्रोएशियाकडे. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो, म्हणजे नऊ हजार रुपयांहून जास्त. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा. कुरिअर, एसएमएस, खास प्रतीक्षाकक्ष हे सगळं ऐच्छिक असतं. नको असेल तर तिथल्या तिथे स्पष्ट नाही म्हणा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, ते ४५ पर्यंतही जाऊ शकतात. उन्हाळ्यात जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच भेटीची वेळ घ्या.

कागदपत्रं: दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीनंतर तीन महिने चालेल असा पासपोर्ट, बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरण, नोकरीतलं रजापत्र, राहण्याचं बुकिंग आणि किमान ३०,००० युरोचा विमा. पासपोर्टमध्ये दोन पानं कोरी असणं सक्तीचं आहे, पण बऱ्याच सीमांवर शिक्के पडत जातात, म्हणून जास्त असलेली बरी. विमा घेताना ‘फक्त शेंगेन’वाली पॉलिसी टाळा, बोस्निया-अल्बेनियाची नावं त्यात आहेत का ते तपासा. सोबतच्या पत्रात शेंगेनमधून कोणत्या तारखेला बाहेर पडणार आणि कुठून परत शिरणार हे लिहा. बहुप्रवेश का हवा, याचं तेच उत्तर असतं.

अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र असतो. चौघांतल्या तिघांना बहुप्रवेश आणि एकाला एकप्रवेश असंही होतं. म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं काहीही बुक करू नका.

आता बस. ढोबळ भाडी: साराएवो ते मोस्तार १० ते १५ युरो, दुब्रोवनिक ते कोतोर २० ते ३०, स्कोप्ये ते ओहरिद १० ते १५. त्यावर डिकीतल्या प्रत्येक बॅगेचे एक-दोन युरो. हे बहुतेक ठिकाणी रोख आणि सुटे द्यावे लागतात. काही ठिकाणी स्थानकाचा आकारही तिकिटावर चढतो. स्थानकातल्या स्वच्छतागृहालाही पैसे पडतात. अल्बेनियात फुर्गोन नावाची मिनीबस मिळते. ती म्हणजे आपलं वडापच: भरली की सुटते, पैसे चालकाच्या हातात. साराएवोत दोन स्थानकं आहेत. मुख्य स्थानक रेल्वेस्टेशनजवळ, दुसरं पूर्व साराएवोत, आणि बेलग्रेडच्या बऱ्याच बस या दुसऱ्यातून सुटतात. चुकीच्या स्थानकावर पोहोचलात तर टॅक्सीचे पैसे गेले, शिवाय बसही. रविवारी आणि हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात.

जुलै-ऑगस्टमध्ये क्रोएशिया-मॉन्टेनेग्रो सीमेवर तासन्‌तास रांग लागते. त्याच दिवशी पुढची बस किंवा विमान ठेवू नका. पासपोर्ट अनेकदा वाहक गोळा करून नेतो. परत मिळाला की शिक्का पडला का ते बस हलण्याआधी पाहा. कोसोवोला जाणार असाल तर क्रम महत्त्वाचा: आधी सर्बिया, मग कोसोवो. अल्बेनियामार्गे कोसोवोत शिरून तिथून सर्बियात जायला निघालात, तर सर्बिया प्रवेश नाकारू शकतो.

चौघं असाल तर एक हिशेब करा. हॉस्टेलमध्ये एका खाटेचे १२ ते २५ युरो. दुब्रोवनिकमध्ये ऐन हंगामात याच्या दुप्पट धरा. चार खाटांपेक्षा एक छोटं अपार्टमेंट बऱ्याचदा स्वस्त पडतं. पण नगरपालिकेचा पर्यटक कर माणशी, रोजचा, काही ठिकाणी वेगळा रोख मागतात. तो भाड्यात धरला आहे का, ते आधी विचारा. सर्बिया आणि उत्तर मॅसिडोनियात २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंदणी व्हावी लागते. हॉटेल-हॉस्टेल ती करतात. खासगी घरमालकाकडून करून घ्या आणि कागद जपून ठेवा.

पैसे. क्रोएशिया, मॉन्टेनेग्रो, कोसोवोत युरो चालतो. बोस्नियात मार्क (एका युरोला १.९६), अल्बेनियात लेक, मॅसिडोनियात देनार, सर्बियात दिनार. फॉरेक्स कार्डावर युरो भरता येतो, लेक-दिनार नाही, त्यामुळे तिथे प्रत्येक व्यवहाराला चलनबदलाचा आकार लागतो. एटीएमने ‘रुपयांत हिशेब करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, त्या दरात तुमचा तोटा असतो. अल्बेनियात बऱ्याच एटीएमचं शुल्क एका वेळी ५०० लेक किंवा त्याहून जास्त असतं. चौघांनी मिळून एकदाच मोठी रक्कम काढा. सिमचंही असंच. क्रोएशियाचं सिम बोस्नियात महाग पडतं, पण शेंगेनबाहेरच्या या देशांनी २०२१ पासून आपापसातलं रोमिंग मोफत केलं आहे. तिथलं एक सिम घ्या, डेटाची मर्यादा विचारा.

शाकाहारी असाल तर बेकरीत सिर्नित्सा (चीज), झेल्यानित्सा (पालक), क्रोम्पिरूशा (बटाटा) मागा. दोन-तीन युरोत पोट भरतं. ‘पोस्नो’ म्हणजे उपवासाचं, पण त्यात मासे असू शकतात. विचारून घ्या.

किनाऱ्यावर माणशी दिवसाला ७० ते ९० युरो, आतल्या देशांत ४० ते ५५ धरा. मे किंवा सप्टेंबर निवडलात तर यातही वाचतील.

आणि व्हिसा एकप्रवेशाचाच मिळाला तर? सहल रद्द करू नका, मार्ग बदला. रुमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमाही १ जानेवारी २०२५ पासून शेंगेनमध्ये आल्या आहेत. झाग्रेब, बुडापेस्ट, तिमिश्वारा, सोफिया, थेसालोनिकी: या सगळ्या वाटेत तुम्ही शेंगेनबाहेर पडत नाही, एकप्रवेश पुरतो.