सेन्सर बदलण्यापूर्वी वायर तपासा

जुनी एमपीएफआय गाडी गॅरेजमध्ये येते. सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागतो, पेट्रोल जास्त खाते, मीटरवर इंजिनचा दिवा लागलेला. स्कॅनर लावला की कूलंट टेंपरेचर सेन्सरचा कोड येतो. मिस्त्री नवा सेन्सर बसवतात, कोड पुसतात, गाडी देतात. चौथ्या दिवशी गिऱ्हाईक पुन्हा दारात! दुकानदार इलेक्ट्रिकचा माल सहसा परत घेत नाही. आता हे पैसे कोणी सोसायचे?

कोड हा सेन्सर खराब आहे असे सांगत नाही. त्या सर्किटमध्ये बिघाड आहे एवढेच सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर, कप्लर, वायरी, अर्थ आणि ईसीएम एवढे सगळे येते. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. म्हणजे सर्वांत नवी ८०० सुद्धा आता दहा वर्षांपुढची आहे. इंजिनची उष्णता आणि पावसाळ्याची ओल एवढी वर्षे सोसल्यावर वायरीचे कव्हर कडक होते, कप्लरच्या पिना हिरव्या पडतात. उंदरांचा उपद्रव वेगळाच.

म्हणून आधी डोळ्यांनी पाहावे. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून जाणारी वायर, बॅटरीखालचा भाग, पूर्वी कोणी टेप मारलेला जोड, या जागा पहिल्या. मग डिजिटल मीटर घ्यावा. टेस्ट लँप ईसीएमच्या वायरींना लावू नये. तो जास्त करंट ओढतो आणि ईसीएम जळू शकतो.

कूलंट सेन्सरला बहुधा दोन वायरी असतात. कप्लर काढून चावी ऑन करावी आणि हार्नेसच्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज मोजावे. सुमारे ५ व्होल्ट आले तर दोन्ही वायरी जोडलेल्या आहेत. न आल्यास मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावून एकेक वायर तपासावी. एकीवर ५ व्होल्ट मिळाले तर दुसरी, म्हणजे अर्थची वायर तुटली आहे. दोन्हींवर काहीच नाही, तर सिग्नलची वायर ईसीएमपर्यंत तपासावी. ती कुठे बॉडीला चिकटली असेल तरी हेच दिसते. सेन्सर वेगळा मोजावा. बहुतेक सेन्सर २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना सुमारे तीनशे ओहम दाखवतात.

तीन वायरींच्या सेन्सरची गोष्ट निराळी. थ्रॉटल आणि मॅप सेन्सरना येणारे ५ व्होल्ट पुष्कळ गाड्यांत एकाच ठिकाणाहून येतात. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की दोघांचेही कोड पडतात, आणि घाईत दोन्ही सेन्सर बदलले जातात. अशा वेळी चावी ऑन ठेवून मीटर त्या ५ व्होल्टच्या वायरीवर लावावा आणि एकेक कप्लर काढत जावे. ज्याचा कप्लर काढताच व्होल्टेज परत येते, तो दोषी. कोणताच काढून येत नसेल तर वायर किंवा ईसीएम पाहावा.

अर्थची तपासणी केवळ बीप ऐकून करू नये. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजते! इंजिन चालू ठेवून, कप्लर जोडलेला असताना, सेन्सरच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजावे. ०.१ व्होल्टच्या वर गेले तर कुठेतरी अर्थ ढिला आहे. हे चालू असताना हार्नेस हाताने हलवून पाहावा. आकडा उडाला की जागा सापडली. वायरीत सुई खुपसू नये. त्या भोकातून पाणी शिरते आणि सहा महिन्यांनी नवे दुखणे उभे राहते.

तुटलेली वायर पीळ देऊन टेप मारण्याऐवजी तेवढ्याच जाडीच्या वायरीने, सोल्डर करून, वर हीट स्लीव्ह चढवून जोडावी.

राहिला मजुरीचा प्रश्न. तपासणीला तास-दीड तास लागतो आणि गिऱ्हाइकाला दाखवायला जुना पार्ट हातात नसतो. त्यामुळे अनेक कारागीर संकोचाने मजुरी मागत नाहीत आणि सेन्सर विकून भागवतात. गाडी घेतानाच तपासणीची रक्कम वेगळी सांगावी, बिलावर वेगळी लिहावी आणि तुटलेला वायरीचा तुकडा बिलासोबत द्यावा.