अबुएला म्हणजे आजी

अमेरिकेची संयुक्त संस्थाने व मेक्सिको या दोन देशांच्या सीमेवरून एक मोठी नदी वाहते. उत्तर तीरावरील लोक तिला रिओ ग्रान्दे म्हणतात; दक्षिण तीरावरील लोक रिओ ब्राव्हो म्हणतात. नदी एकच, नावे मात्र दोन! या नदीच्या उत्तर तीरावर टेक्सास संस्थानातील एल पासो हे शहर वसलेले आहे. तेथील कितीतरी घरांत इंग्रजी व स्पॅनिश या दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदतात.

अशा घरांतील मुलांपुढे एक अडचण उभी राहते. शाळेत इंग्रजी, मैदानावर इंग्रजी, सवंगड्यांत इंग्रजी. हळूहळू मुलाच्या तोंडची स्पॅनिश आटत जाते. घरातील वृद्ध आजीला मात्र पुष्कळदा स्पॅनिशवाचून दुसरी भाषा येत नसते. मग आजी मोठ्या हौसेने गोष्ट सांगावयास बसते आणि नातवाला ती उमगत नाही. एका छपराखाली राहूनही दोघे एकमेकांना दुरावतात. याहून मोठे दारिद्र्य ते कोणते?

हे टाळावयाचे तर मुलाला अगदी लहानपणीच दोन्ही भाषांतील नात्यांचे शब्द दिले पाहिजेत. नात्याचा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ज्याचा तो शब्द, ते माणूस समोरच वावरत असते. सिंथिया वाईल या शिक्षिकेने हे हेरले व मुलांसाठी इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत एक चित्रमय पुस्तक लिहिले. ते 2013 साली एल पासो येथूनच प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रे कुंचल्याने काढलेली नाहीत. मेक्सिकोच्या दक्षिणेस असलेल्या ओआहाका प्रांतातील हेसुस कान्सेको साराते या कारागिराने कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या घडविल्या आणि त्यांची छायाचित्रे पानोपानी छापली गेली.

मेक्सिकोत कागदाच्या बाहुल्या करण्याची कला जुनी आहे. तारेचा किंवा बोरूचा सांगाडा बांधावयाचा, पिठाच्या खळीत भिजविलेले कागद त्यावर थरावर थर चिकटवावयाचे, ते वाळू द्यावयाचे आणि मग भडक रंगांनी रंगवावयाचे. ओआहाकात अशा कला घराघरांतून चालत आल्या आहेत. तेथील ओकोत्लान गावच्या आगिलार भगिनी मातीच्या बाहुल्यांसाठी प्रसिद्ध आहेत. ती कला त्या आपल्या आईपासून शिकल्या. तेव्हा नात्यांचे शब्द शिकविण्यास अशा बाहुल्या घेतल्या, हे किती उचित झाले!

मात्र आता तुम्ही दचकाल. पुस्तकातील हे सारे कुटुंब हाडांच्या सापळ्यांचे आहे! सापळ्याला तेथे 'कालाका' म्हणतात. पण हे सापळे भिवविणारे नाहीत. ते नटतात आणि दात काढून हसतात. होसे ग्वादालुपे पोसादा (1852–1913) या चित्रकाराने नाचणारे, सायकलवर बसलेले सापळे काढून मेक्सिकोला असेच हसविले होते. दर वर्षी नोव्हेंबरच्या 1 व 2 तारखांना घरचे मृत आप्त भेटीस येतात, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. त्यांच्यासाठी घरात वेदी मांडतात, तिच्यावर त्यांच्या तसबिरी व आवडीचे पदार्थ ठेवतात आणि झेंडूची फुले वाहतात. (आपल्या दसऱ्याचा झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच, बरे का!) जेथे गेलेली पणजीही घरचीच मानली जाते, तेथे सापळ्याचे भय मुलांना कशाला वाटेल?

आता शब्दांकडे वळू. स्पॅनिशमध्ये भाऊ म्हणजे 'एर्मानो' व बहीण म्हणजे 'एर्माना'. आजोबा म्हणजे 'अबुएलो' व आजी म्हणजे 'अबुएला'. शेवटच्या 'ओ'चा 'आ' केला, की अर्धे नातेवाईक आपोआप पाठ होतात. इंग्रजीतील 'ब्रदर' आणि 'सिस्टर' यांत असा धागा मुळीच सापडत नाही. मराठी मुलाला एक गोष्ट मात्र विचित्र वाटेल. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, या सर्वांना स्पॅनिशमध्ये एकच शब्द, 'तीओ'! आमच्या मामाचा असा काकात विलय झालेला आपल्याला कसा चालेल?

शिकविताना बाई एकेक बाहुली दाखवितात आणि मुले दोन्ही भाषांत तिचे नाते सांगतात. बाहुली एकच राहते, शब्द दोन होतात. पुढे मुले कागद व खळ घेऊन आपापल्या घरातील माणसे घडवू शकतात. मग 'एस्ता एस मि अबुएला', म्हणजे 'ही माझी आजी', असे म्हणताना समोर खरोखरीची आजी दिसू लागते.

तरी एक शब्द बाहुलीजवळ मिळत नाही. नातवाला स्पॅनिशमध्ये 'निएतो' म्हणतात. परंतु मेक्सिकोतील आजी नातवाला जवळ घेते, तेव्हा ती त्याला बहुधा 'मिहो' अशी हाक मारते. 'मिहो' म्हणजे 'माझ्या लेकरा'.

स्वाध्याय

1. आजी व नातू एका घरात राहूनही एकमेकांना का दुरावतात?
2. मेक्सिकोतील मुलांना सापळ्यांचे भय का वाटत नाही?
3. तुमची आजी तुम्हांला कोणकोणत्या नावांनी हाक मारते? ती नावे लिहून काढा.