शॉकअपचं ऑइल

रहाटणी

चि. सोन्या,


ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते आणि मोशीच्या पुढे खड्ड्यात ‘ठक्’ वाजतं, असं तू फोनवर म्हणालास. गॅरेजवाला शॉकअपचं सील बदलायला सांगतोय. पण पाइपांवर ओल नाही म्हणतोस, मग सीलने काय घोडं मारलंय? गाडी घेतल्यापासून शॉकअपचं ऑइलच बदललेलं नाही, मी आधी तिथे बघेन.

स्प्रिंग नुसतं वजन पेलते. दणका बसल्यावर तिचं नाचणं थांबवतं ते ऑइल. बारीक भोकांतून दाबाने जाताना ते धक्क्याची ताकद उष्णतेत जिरवतं. बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर-१२ ला असे तेलाचे शॉकअप दिले. तुझ्या पल्सरच्या शॉकअपचं तत्त्वही तेच. ऑइल जुनं झालं, त्यात धातूचा कीस मिसळला, की ते पाण्यासारखं पळतं. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून कुणाला आठवण होत नाही.

आता काम. गाडी मेन स्टँडवर घे, इंजिनखाली जॅक लावून पुढचं चाक अधांतरी कर. ब्रेकचा कॅलिपर सोडलास की तारेने वर बांध, होजवर लोंबकळू देऊ नकोस. आणि तो सुटलेला असताना ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येतात. वरच्या टीचा, म्हणजे हँडलखालच्या पकडीचा, बोल्ट ढिला झाला की, शॉकअप खालच्या टीत घट्ट असतानाच, त्याच्या वरचा नट थोडा सैल कर. बाहेर काढल्यावर शॉकअप धरायला जागा मिळत नाही. शॉकअप बाहेर काढलास की मग नट हळूहळू फिरव, तोंड बाजूला ठेवून. खालून स्प्रिंगचा जोर असतो. स्प्रिंग कुठल्या बाजूने वर होती ते लक्षात ठेव. मग शॉकअप उलटा करून वरखाली दाबत सगळं ऑइल काढ आणि निथळू दे.

भरताना मात्र घाई केलीस तर मी बोलेन. कारखान्यात हे मापून भरतात, गॅरेजात बहुतेक अंदाजाने, वर इंजिनचं ट्वेंटी-डब्ल्यू-फोर्टी ओततात. पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल आण. जितकं निघालं तितकंच भरायचं, हा हिशेबही चुकीचा. आधी थोडं गळालेलं असलं तर तू तीच कमतरता परत भरशील. ओतून झालं की बुडबुडे थांबेपर्यंत पाइप सावकाश वरखाली कर. मग स्प्रिंग बाहेर ठेवून, शॉकअप पूर्ण दाबून, वरच्या काठापासून ऑइलपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोज. वर उरलेली हवा दुसऱ्या स्प्रिंगचं काम करते. ऑइल जास्त झालं तर हवेला जागा उरत नाही, शेवटच्या दणक्याला शॉकअप दगड होतो आणि चांगलं सील फुटतं. दोन्ही बाजूंचं अंतर अगदी सारखं यायला हवं.

पाइपवर नख फिरवून बघ. गंजाचा खड्डा लागला तर नवं सीलही टिकणार नाही, आधी पाइपचं बघावं लागेल.

निघालेलं ऑइल कॅनमध्ये भरून ठेव. गटारात ओतलंस तर ते पवना नदीत जातं. कॅन माझ्याकडे आणून दे, जळकं ऑइल घेणारा इकडे येतो.

रविवारी शिफ्ट नसेल तर कोकणे चौकातून फोन कर. पट्टी नि मोजपात्र माझ्याकडे आहेत, ऑइल तेवढं तू घेऊन ये.

तुझा,
काका