तहानलेल्या पिकाचा निरोप

पावसाने ओढ दिली की जनावर पाण्याच्या शोधात दूर जाते. गव्हाच्या रोपाला मात्र आपली जागा सोडता येत नाही. मग ते तग कसे धरते?

पानांवर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतूनच हवा आत शिरते व पाण्याची वाफ बाहेर पडते. जमिनीतील ओल आटू लागली, की रोपात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते. संप्रेरक म्हणजे जणू रोपाचा निरोप्याच! त्याचा निरोप पोचताच पर्णरंध्रे मिटू लागतात व पाणी वाचते.

१९६३ साली अमेरिकेत कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते पिकांवर फवारता येईल. परंतु त्याचा प्रभाव फार काळ टिकत नाही. म्हणून कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ शॉन कटलर व त्यांचे सहकारी यांनी तेच कार्य करणारे ‘ओपाबॅक्टिन’ हे कृत्रिम द्रव्य शोधले व २०१९ साली ते जाहीर केले. त्याच्या योगाने गव्हाच्या पानांतून वाफेवाटे जाणारे पाणी कमी झाल्याचे प्रयोगांत आढळले.

तथापि, रंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइड वायूही आत येईनासा होतो. त्याच्यावाचून रोपाला अन्न तयार करता येत नाही. रंध्रे फार दिवस मिटलेली राहिली, तर कणसात दाणा भरणार नाही. म्हणून असे द्रव्य केव्हा व किती फवारावे, हेच खरे कौशल्य होय. त्याने पाऊस पडत नाही; उरलेली ओल मात्र पुढच्या सरीपर्यंत पुरवता येते.