मल्लखांबाचे आचार्य : बाळंभटदादा देवधर

ओतूर येथे मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचे मंदिर आहे. श्रावणी सोमवारी तेथे यात्रा भरते व कुस्त्यांचा आखाडाही होतो. भोवती जमलेल्या लोकांस घटकाभराची झुंज दिसते. तिच्यामागची मेहनत दिसत नाही. त्या मेहनतीचे एक जुने साधन म्हणजे मल्लखांब. आणि मल्लखांब म्हटला की पुण्याच्या बाळंभटदादा देवधरांचे नाव निघतेच.

दुसऱ्या बाजीरावांच्या काळची आख्यायिका अशी : निजामाच्या राज्यातून अली व गुलाब हे दोन धिप्पाड मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारात कुस्तीचे आव्हान दिले. त्यांचे देह पाहून कोणी पुढे होईना. पुण्याची लाज जाण्याची वेळ आली. तेव्हा तरुण बाळंभटाने विडा उचलला. वजनात तो त्यांच्या पासंगासही पुरत नव्हता. त्याने मुदत मागून घेतली व वणीच्या सप्तशृंग गडावर देवीची उपासना आरंभली. तेथे वानरांच्या उड्या पाहून त्यास लाकडी खांबावर मेहनत करण्याची युक्ती सुचली, असे सांगतात. परत येऊन त्याने अलीस चीत केले. गुलाबाने मग कुस्तीच धरली नाही.

युक्ती मात्र अगदी नवी नव्हे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लांच्या खांबावरील मेहनतीचा उल्लेख आहे. मागे पडलेली ती विद्या बाळंभटांनी उजळली, असे म्हणणेच न्यायाचे.

हा खांब सागवानी किंवा शिसवी असतो; बुंध्याशी जाड, वर निमुळता, आणि माथ्यावर मान व बोंड. घर्षण कमी व्हावे म्हणून त्यास एरंडेल चोळतात. असा गुळगुळीत खांब नुसत्या हातांनी आवरत नाही. तो मांड्यांत, पोटऱ्यांत, काखेत धरावा लागतो. घामाने निसरडे झालेले प्रतिपक्षी मल्लाचे अंगही असेच धरावे लागते! अढी, तेढी, बगली, दसरंग, फरारे हे प्रकार करताना सारा देह उलटासुलटा होतो. पकड घट्ट होते आणि पाठीचा कणा वेताप्रमाणे लवू लागतो.

१८१८ साली पेशवाई बुडाली. विद्या बुडाली नाही. बाळंभटांच्या शिष्यपरंपरेने ती महाराष्ट्राबाहेरही नेली. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. कुस्तीसाठी उभा राहिलेला खांब पुढे स्वतंत्र खेळ झाला, आणि २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तेथे परदेशी खेळाडूही त्याच खांबावर चढले.